आधी रिकामी जीप

किस्से म्हणजे जीपच्या सीटखालची धूळ. झाडाल तेवढी निघते! मी सिल्वासाच्या सरकारी कचेरीत ड्रायव्हर, शिक्षण चौथी नापास. साठ सालानंतर मुंबई-कोकणातून शिकलेले बाबू आमच्याकडे आले आणि माझ्या टवाळीला रोजचा खुराक मिळाला. त्यातला सगळ्यात लाडका वसंता. चिपळूणचा, बी.एस्सी. झालेला कारकून.

*

एकदा बॉनेटवर बसून वसंताने मला आपला प्लॅन सांगितला. आधी हवाई दल, मग फायटर, मग कोर्स, मग टेस्ट पायलट! नवं विमान बनलं की पहिलं तो उडवणार.

"पडतं का ते बघायला? मग सरकार बकरा का नाही बसवत?"

"रामभाऊ, बकरा खाली उतरून काय बिघडलंय ते सांगत नाही!"

*

भरतीत म्हणे गरगर फिरवून चक्कर येते का बघतात. आमच्या हेडक्लार्क सावंतसाहेबांची खुर्ची फिरती होतीच. जेवणाच्या सुट्टीत वसंताला बसवला आणि दिली गिरकी! नेमके साहेब दारात.

"काय चाललंय हे?"

"देशसेवा, साहेब."

साहेबांनी दार लावून घेतलं. टोपी टेबलावर ठेवली.

"सरक रे वसंता. रामा, हळू फिरव हां!"

*

डोकमर्डी गावापुढच्या ओढ्यावर तेव्हा पूल कुठला? नुसती फरशी. तिच्यावरून पाणी वाहत असलं की आमचा नियम ठरलेला. सगळ्यांनी उतरायचं, मी रिकामी जीप पलीकडे नेऊन परत आणायची, मगच माणसं बसायची. वसंता मात्र उतरायचा नाही. "हीच आपली टेस्ट फ्लाईट!" परत आलो की इंजिन कुठे अडखळलं ते सगळ्यांना ऐकवायचा.

सावंतसाहेब काठावरून ओरडायचे, "ते राहू दे! फायली कोरड्या आहेत का?"

*

अडचण एकच, वसंताची आई. बापामागे एकटीने वाढवलेला एकुलता एक पोरगा. तो परीक्षा देऊन आला, पण "आई हो म्हणाली तरच जाईन," हा हट्ट. आणि काकू तर जीपलाही घाबरायच्या. आमलीच्या बाजारात जायचं तरी पायी!

मी थाप ठोकली. "काकू, टेस्ट पायलट म्हणजे मास्तरच की. विमानाची परीक्षा घेतो."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोर नापास झालं तर मास्तर घरी येतो, रामभाऊ. विमान नापास झालं तर?"

मी बाहेर येऊन पुसलेलीच जीप पुन्हा पुसायला घेतली!

*

वसंता निवडला गेला. काकू हो म्हणेनात, नाही म्हणेनात. जायचा दिवस आला, ट्रंक जीपमध्ये चढली, वसंताचं तोंड एवढंसं. काकू ओढ्यापर्यंत पोचवायला निघाल्या. चालतच! मागून त्यांच्या चालीने आमची जीप.

फरशीवरून पाणी चाललेलं. सावंतसाहेब उतरले. वसंता नेहमीसारखा बसून. काकूंनी त्याचा दंड धरला.

"उतर."

मला वाटलं, संपलं! पोरगा आता परत घरी.

काकूंनी पदर खोचला, दांडा धरला आणि पुढच्या सीटवर चढल्या. "चला, रामभाऊ."

गेलो. परत आलो. काकू उतरल्या. लुगड्याचे काठ भिजलेले.

"मधे डावीकडे एक हिसका बसतो," त्या वसंताला म्हणाल्या. "बाकी ठीक आहे. जा."