तारेनं बांधलेला गोठ

या सदरातले अतर्क्य अनुभव मी नियमित वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. आम्ही पहूरचे बौद्ध. आमच्या उंबऱ्याच्या आत भगत कधी आला नाही. ताप आला की शेजारच्या पोरांच्या दंडात ताईत यायचे, आणि आबा – माझे वडील – मला सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचे. पुढे मी जळगावला बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन. आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. हे मोठेपणासाठी सांगत नाही... म्हणजे थोडं मोठेपणासाठीही सांगतो, पण मुख्य म्हणजे हे लिहिणारा माणूस कोण आहे ते कळावं म्हणून.

मायच्या दोन्ही मनगटांत चांदीचे गोठ होते. गोठ म्हणजे जाड, साधं, गोल कडं. ते एका जागी उघडतं आणि तिथं बारीकसा पेच पिळला की बंद होतं. तिच्या आईनं तिला दिलेले. उजव्या गोठाला पेचाजवळ एक पोचा होता. मी रांगत असताना ओट्यावरून खाली जात्यावर पडत होतो. मायनं मध्ये हात घातला आणि माझ्या डोक्याऐवजी गोठ जात्यावर आपटला. लहानपणी मी त्या पोच्यात अंगठा घालून बसायचो. माय म्हणायची, "हे तुहं डोस्कं हाय."

बारावीनंतर कॉलेजची आणि होस्टेलची सोय करायची होती. माय मला घेऊन जामनेरच्या एका सराफाकडे गेली. जुनी चांदी मोडीत घेताना सराफ आधी ती कापून बघतात – आत दुसरा धातू भरलेला नाही ना म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी छिन्नी ठेवली, हातोडी मारली आणि उजव्या गोठाचे दोन तुकडे झाले. मग डाव्याचे. माय तुकड्यांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

आमच्या भागात एक रीत आहे. दागिना मोडताना बाई तो पुरता देत नाही. एखादी कडी, एखादं घुंगरू मागं ठेवते, म्हणजे गेलेला दागिना परत येतो म्हणतात. सराफांनीच विचारलं, "अक्का, काय ठेवता?" मायनं उजव्या गोठाचा पेच उचलला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "माय, आपण हे असलं मानतो का?"

"मानत नाही रे. पण ठेवाले काय जाते?"

मी पास झालो, धुळ्याला एका सरकारी कार्यालयात लागलो. साधारण ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पहिल्या पगारात मायसाठी चांदीच्या नव्या पाटल्या घेतल्या. तिनं त्या हातात फिरवल्या, "लई चांगल्या हायेत," म्हणाली आणि लताच्या – माझ्या धाकट्या बहिणीच्या – लग्नासाठी म्हणून पेटीत ठेवल्या. तिचे हात तसेच मोकळे. नातेवाइकांत गेली की ती पदर मनगटांवर ओढून बसायची. कुणाला वाटेल थंडी वाजते आहे.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात माझा सत्कार ठरला. आई-वडिलांनाही पुढे बोलावणार होते. माय म्हणाली, "तुह्या बापाले ने. मी बाया-बायांत मागं बसते." का, ते मला माहीत होतं. आणि माझ्या शिक्षणाचा सत्कार माय मागं बसून बघणार, हे मला चालणार नव्हतं.

नवं ती घेत नाही, तर अगदी तसाच जुना शोधायचा, असं मी ठरवलं. मायकडून तो पेच मागून घेतला, कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी शर्टाच्या खिशात.

मग दर सुट्टीला सराफ बाजार. कधी जळगाव, कधी धुळे. मोडीच्या टोपल्या समोर ओतायला लावायच्या... वाळे, तोडे, घुंगरं झडलेले पैंजण, कुणाचा तरी करदोटा. गोठ दिसला की पेच लावून बघायचा. एकालाही बसेना. जुन्या पेचांचे आटे हातानं पाडलेले असतात, ज्याचा त्यालाच बसतो, हे पहिल्याच दुकानात कळलं होतं. तरी मी लावायचोच. कार्यालयातले महाजन मला चिडवत –

"काय भाऊसाहेब, पोरगी पाह्यच्या आधीच बांगडीचं माप घेऊन फिरता?"

"पोरीचं नाही हो, मायचं माप आहे."

"मग लगन झाल्यावर अवघड हाय तुमचं!"

पौर्णिमा तोंडावर आली होती. मे महिन्यातली भर दुपार. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एका सराफाच्या दुकानात शिरलो. साक्रीकडची एक म्हातारी गादीच्या कडेला बसली होती. शेठजींनी लाकडी ठोकळ्यावर एक गोठ ठेवला होता, त्यावर छिन्नी टेकवली होती, आणि हातोडीचा हात वर गेला होता...

"शेठ, थांबा!"

माझा आवाज मलाच परका वाटला. शेठजींचा हात तिथंच राहिला. म्हातारी घाबरली.

"काय व्हयनं रे भाऊ? चांदी खोटी शे का?"

"नाही आजी. शेठ, कापू नका. मी घेतो हा."

गोठ हातात घेतला. पेचाच्या जागी तांब्याची तार गुंडाळून तो बंद केलेला होता. काळी पडलेली, जुनाट तार. मी विचारलं, "आजी, याचा पेच कुठं गेला?"

"पेच कधी नव्हताच. मन्ही सासूना हातमा बी तारच व्हती. आते नात नर्सिंगले लागनी, म्हनीसन मोडाले लई वनू." नातीच्या शिक्षणासाठी मोडायला आणला होता तिनं.

मी तार सोडवली. डबीतला पेच काढून टेकवला. तो धरला, फिरला आणि जराही जोर न लावता शेवटपर्यंत खाली गेला. पेचाचं डोकं अगदी सपाट बसलं. मी गोठ वळवला. पेचाजवळ पोचा होता. मी त्यात अंगठा ठेवला.

भर मे महिन्यात माझ्या अंगावर काटा आला.

शेठजींना म्हटलं, हा कधी कापून जोडलाय का बघा. त्यांनी भिंग लावलं, कसोटीवर घासलं, उजेडात फिरवलं. "डाग देऊन जोडलेला कुठंच नाही. एकसंध आहे. का हो?"

आजीच्या हातात पैसे दिले. ती उठताना म्हणाली, "भाऊ, ती तार माले ऱ्हाऊ दे." तिनं तार पदराच्या गाठीत बांधली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आधी जामनेर गाठलं. सराफ म्हणाले, "तुमचे तुकडे त्याच आठवड्यात मुशीत आटवले. अन् कापताना तू समोरच होतास की!" होतो. तेच तर.

घरी मायच्या हातात गोठ ठेवला. तिनं पेच बघितला नाही, वजन बघितलं नाही. तिचा अंगठा सरळ पोच्यावर गेला.

"तुहं डोस्कं," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. छिन्नी, तार, साक्रीची आजी. आबा म्हणाले, "योगायोग. एका कारागिरानं दोन घडवले असतील." मग त्यांनी पेच काढून लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला, आणि ओट्यावर जाऊन बसले.

पौर्णिमेला माय पुढे आली. पांढरं लुगडं, डावा हात मोकळा, उजव्यात गोठ. फूल घ्यायला हात पुढे केला तेव्हा पदर मनगटावरून सरकला, आणि तिनं तो ओढून घेतला नाही. तो फोटो आज माझ्या टेबलावर आहे. त्यात मी कुठंतरी कडेला, अर्धा कापला गेलोय. चालतं.

मी यावर खूप विचार केलाय. एकाच कारागिराचे आटे जुळतील, मान्य. पोचाही सारखा पडू शकतो. पण दोन्ही एकाच गोठाला, त्याच जागी? आणि जो पेच आमच्या पेटीत होता, तो त्या गोठाला आजीच्या सासूच्या काळापासून नव्हताच... वाचकांपैकी कुणाला उकललं तर जरूर लिहा. फक्त योगायोग म्हणू नका, ते आबांनी म्हणून झालंय.

पुढे लता बारावी झाली. निकालाच्या दिवशी घरी गेलो तर माय ओट्यावर बसून गोठाचा पेच पिळून काढत होती.

"हे काय, माय?"

"जामनेरले जाऊ. पोरीले शिकाले पाठवाचं हाय ना?"

"अगं, हा पुन्हा मोडायचा?"

"जाऊन येईल तो. मागं नाही आला?"

मी तिच्या हातातून पेच घेतला, गोठाला परत बसवला आणि लताची फी भरायला जळगावची एस.टी. धरली.