आईचं अकाउंट

बहिणीने आईला पाठवलेली सगळी पत्रं माझ्या हातून पुसली गेली. कॉम्प्युटरवर जागा करायची होती.

आम्ही तेव्हा धायरीत राहायचो. कॉम्प्युटर हॉलमध्ये होता आणि त्यावर चार अकाउंट होती: बाबांचं, आईचं, बहिणीचं आणि माझं. ही पद्धत बाबांची. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराला स्वतःचं लॉकर असायचं; घरातही तसंच हवं, दुसऱ्याचं उघडायचं नाही. त्यामुळे बहिणीच्या लग्नाचे फोटो प्रत्येकाने आपापल्या अकाउंटमध्ये उतरवून घेतले. एका हार्ड डिस्कवर एकच लग्न चार वेळा साठवलं गेलं.

लग्नानंतर बहीण बंगळूरला गेली आणि तिथे नोकरीला लागली. ती आईला ईमेल करायची, इंग्रजी अक्षरांत मराठी. इंटरनेट फोनच्या लाइनवर चालायचं. तेवढा वेळ फोन अडकायचा, म्हणून आई पत्रं उतरवून घ्यायची, लाइन तोडायची आणि मग चष्मा लावून सावकाश वाचायची. उतरवलेलं पत्र तिकडच्या मेलबॉक्समधून जायचं आणि फक्त आमच्या डिस्कवर राहायचं. हे मला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी बहीण डेंग्यूने गेली. पाच दिवसांत. आई कॉम्प्युटरसमोर बसायची बंद झाली.

काही महिन्यांनी डिस्क भरली. साधी फाइलही सेव्ह होईना.

"डबडं एक, मालक चार," बाबा म्हणाले. "वर आणखी एक मजला चढवायचा का त्याच्यावर?"

"कुणाचं तरी अकाउंट काढावं लागेल."

"काढा की. इंजिनियर तुम्ही, आम्ही काय सांगणार!"

बहिणीचं काढायला माझा हात होईना. आईचं कुणी वापरत नव्हतं. मी आईला विचारलं नाही. अकाउंट काढताना कॉम्प्युटरने विचारलं, फाइल्स ठेवायच्या की पुसायच्या? मी ठेवायला सांगितल्या. माझ्या डेस्कटॉपवर आईच्या नावाचं फोल्डर आलं. त्यात लग्नाचे फोटो आणि दोन पाककृती होत्या. प्रश्नाच्या त्याच चौकटीत लिहिलेलं होतं, की ईमेल ठेवली जाणार नाहीत. मी ती ओळ वाचली नव्हती. मोकळ्या झालेल्या जागेत मी त्याच दिवशी ऑफिसच्या सीडी उतरवल्या.

महिनाभराने एका रविवारी, जेवणानंतर, आई कॉम्प्युटरसमोर बसली.

"माझं नाव कुठाय रे इथलं?"

मी सांगितलं. फाइल्स ठेवल्यात, हेही सांगितलं.

"आणि तिची पत्रं?"

मी शोधली. अर्धा तास शोधूनही सापडली नाहीत. ईमेल ठेवली जाणार नाहीत, ही ओळ मी दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या कॉम्प्युटरवर तीच चौकट उघडून वाचली. सिंहगड रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने एकच विचारलं, "पुसल्यानंतर त्यावर काही भरलंत का?" सीडींचं सांगितल्यावर त्याने तरीही दोन दिवस प्रयत्न केला आणि डिस्क परत दिली.

माझ्या अकाउंटमधल्या वर्षभराच्या ईमेलने किती जागा घेतली आहे, ते मी नंतर पाहिलं. लग्नाच्या दहा-बारा फोटोंएवढीही नव्हती. फोटोंची एक प्रत ठेवून बाकीच्या काढल्या असत्या, तर कुणाचंच अकाउंट काढावं लागलं नसतं.

"तू वापरत नव्हतीस, म्हणून त्याला वाटलं..." बाबांनी माझी बाजू घेतली.

"अहो, वापरत नव्हते म्हणजे नको होतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" आई माझ्याकडे वळली. "शेवटचं पत्र मी वाचलं नव्हतं. ती ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी आलं होतं. उतरवून ठेवलं होतं. म्हटलं, वाचलं की संपेल."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू काढताना काही दिसलं का रे त्यातलं? एखादी ओळ?"

नाही, असं मी सांगितलं. तिने चष्मा डबीत ठेवला आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.