थेंबच आहे, ताई

आईचा फोन आला तेव्हा मी शाळेत परिपाठासाठी मुलींच्या रांगा लावत होते. "शालूले भंडाऱ्याले ॲडमिट केलं," आई म्हणाली. "पहाटेपासून पाय दुखत होते, आता छातीत दुखते म्हणते." मी विचारलं, "श्वास बरोबर घेऊन राहिली ना?" आई म्हणाली, "घेऊन तं राहिली..." शालू माझी धाकटी बहीण. तिला सिकलसेल होता. असे फोन वर्षातून तीन-चारदा यायचे. सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, कधी रक्ताची बाटली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शालू पुन्हा घरी. म्हणून मी घाबरले नाही. वर्गावर गेले, सकाळचे दोन्ही तास घेतले आणि मग लाखनीहून बस धरली. ते दोन तास आता कुठे ठेवावेत, मला कळत नाही. सहाव्या दिवशी ती गेली. त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही वरठीचे. बाबा तिथल्या स्टीलच्या कारखान्यात होते, सायकलने ड्यूटीवर जायचे. आई-बाबा दोघंही सिकलसेलचे वाहक, म्हणजे आजाराचा अंश रक्तात असून त्रास काही नाही. मी त्यांच्यासारखीच वाहक निघाले. शालूच्या वाट्याला पूर्ण आजार आला. यात कोणाची चूक नव्हती, तरी लहानपणापासून मला वाटायचं की तिच्या ताटातलं काहीतरी मी उचललं आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी ती पाचवीत होती. उरलेल्या भंडाऱ्याचा नकाशा काढायचा गृहपाठ तिने दवाखान्याच्या खाटेवर केला, डाव्या हाताला सलाईन लावलेली असताना. डॉक्टरांचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते. पाणी भरपूर प्यायचं, दमायचं नाही, आणि थंडीत गार पाण्यात भिजायचं नाही. गार पाणी लागलं की तिचं दुखणं उठायचं.

माशांचं वेड तिला नागपूरच्या एका दवाखान्यात लागलं. तिथे बाहेर बसायच्या जागेत भिंतीएवढी काचेची टाकी होती आणि नंबर येईपर्यंत शालू तिच्यासमोरून हलायची नाही. पुढे ती भंडाऱ्याला एका कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करू लागली. जाण्यायेण्याची दगदग झेपेना, तेव्हा घरी बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने चार फुटी टाकी करून घेतली. खाली लाकडी स्टँडमध्ये दुसरी लहान टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली यायचं, तिथे स्पंज आणि दगडांतून गाळलं जायचं, आणि मोटर ते पुन्हा वर चढवायची. हे सगळं तिने मोबाईलवर बघून कागदावर आखलं होतं. काचवाल्याने मात्र वरच्या टाकीचं भोक तळाजवळ पाडलं. तिथली गळती वाढली तर पूर्ण टाकी रिकामी होणार, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आणि गळती सुरू झाली. आधी पाइपच्या वळणावरच्या एल्बोतून, मग व्हॉल्व्हमधून, मग तळाच्या भोकात बसवलेल्या त्या जोडातून. गावातल्या मिस्त्रीला बोलावलं तर तो हसला. "माश्यायसाठी फिटिंग?" म्हणाला, आणि पान्हा घेऊन असा काही आवळला की जोडाची चकतीच तडकली. त्या दिवसापासून शालूने कुणाला हात लावू दिला नाही. पाइप करवतीने सरळ कापायचा, तोंड कोरडं पुसायचं, मग चिकटवायचं सोल्युशन लावायचं. टेफ्लॉन टेप पेचाच्या आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला बसवायचं आणि नट हातानेच आवळायचा, पान्ह्याने नाही. हे सगळं तिला येत होतं. पण पाण्यात हात घालायचा नाही, ही अट मी घातली होती. त्यामुळे रविवारी मी लाखनीहून यायची, भंडाऱ्याला बस बदलायची, आणि दुपारभर आमचं काम चालायचं. ती शाल पांघरून खुर्चीवर, हातात मोबाईलची बॅटरी. मी कोपरापर्यंत पाण्यात.

"ताई, टेप उलटी गुंडाळून राहिली तू."

"मग तूच ये इकडे."

"मी येतो म्हटलं तं तू येऊ देशील का?"

काम झालं की ती जोडाखाली जुना पेपर अंथरायची. ओल डोळ्यांना दिसत नाही, कागदाला दिसते, म्हणायची. चहा होईपर्यंत आम्ही दोघी त्या पेपरकडे बघत बसायचो. एकदा मी वैतागून म्हटलं, "काहून एवढी कटकट करते? बाजारात साधा फिल्टर मिळते, तो लाव न." ती टाकीकडे बघतच म्हणाली, "इथं गळते कुठून ते दिसते तरी." तिच्यासाठी आलेली दोन स्थळं रक्ताचा रिपोर्ट पाहून परत गेली होती. त्याबद्दल ती एकदाही बोलली नाही, पण तो रिपोर्ट तिच्या उशाखालीच असायचा...

या हिवाळ्यात तळाचा जोड पुन्हा पाझरू लागला. गुरुवारी तिचा फोन आला. "थेंबच आहे, ताई. खाली डबा लावला. रविवारी येशील तेव्हा वॉशर बदलू." मी हो म्हटलं. पण त्या रविवारी साकोलीला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा, आमच्याकडचं साक्षगंध, निघाला. नवरा म्हणाला, आपण नाही गेलो तर बरं दिसणार नाही. मी शालूला फोन करून सांगितलं की पुढच्या रविवारी नक्की. "जाय ना," ती म्हणाली. "थेंबच आहे." साक्षगंधाचा कार्यक्रम चांगला झाला. मी नवी साडी नेसले होते. त्या दिवशीचे फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत. ते मला पुसताही येत नाहीत आणि बघताही येत नाहीत.

बुधवारी आई तिच्या बहिणीकडे तुमसरला गेली होती. पुढचं मला आईकडूनच कळलं. दुपारी केव्हातरी तळाच्या जोडातून धार लागली. शालूने मला फोन केला नाही. केला असता तरी मी वर्गात होते, आणि वरठीला पोहोचायला दोन तास लागले असते. टाकीत नऊ गोल्डफिश होते. तिने ते घमेल्यात काढले. नंतर मगाने सगळं पाणी उपसून बादल्यांत आणि टबात भरलं. डिसेंबरचं पाणी, त्या खोलीत ऊन येत नाही. तिने नट उघडला, वॉशर बदललं, टेप गुंडाळली, जोड बसवला, आणि ते सगळं पाणी एकेक मगाने परत भरलं. संध्याकाळी आई आली तेव्हा शालू ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. सलवार मांडीपर्यंत भिजलेली, ओठ निळे. आईने विचारलं, "कायले केलं वं तू हे? तुझी ताई आली असती न." शालू म्हणाली, "झालं आता." आईने शेक दिला, गरम पाणी पाजलं. पहाटे पाय दुखू लागले.

मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिला ऑक्सिजन लावला होता. आजार फुप्फुसात उतरलाय, नागपूरला हलवा, असं तिथे सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी बसले. मौदा मागे पडल्यावर तिने तोंडावरचा मास्क जरा सरकवला. "पेपर पाहिला का?" मला आधी कळलंच नाही. "जोडाखालचा. कोरडा आहे का?" मी घरी गेलेच नव्हते. शाळेतून थेट दवाखान्यात आले होते. "कोरडा आहे," मी म्हटलं. "पूर्ण कोरडा." तिने मान हलवली आणि मास्क परत लावून घेतला. पुढचे चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. काचेतून मी तिला बघत असे, ती मात्र त्यानंतर माझ्याशी काही बोलली नाही. ते आमचं शेवटचं बोलणं, आणि ते मी न बघता बोलले होते.

सगळं आटोपल्यावर मी डॉक्टरांना भेटायला गेले. गार पाण्यानेच झालं का, एवढंच मला विचारायचं होतं. ते चांगले होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. "असं सांगता येत नाही," म्हणाले. "गारठ्याने होतं. काहीही कारण नसतानाही होतं." मी त्यांना साक्षगंधाचं सांगणार होते. मग उठले. त्यांनी हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं, तरी माझ्यात काही फरक पडला असता असं मला वाटत नाही.

घरी गेल्यावर जोडाखालचा पेपर पाहिला. तो खरंच कोरडा होता. तेव्हापासून एक थेंबही पडलेला नाही. मासे मात्र एकेक करून मरू लागले. आई त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला टाकते, उपाशी राहतील म्हणून. पाणी खराब होतं. मी दोनदा समजावून सांगितलं. ती हो म्हणते आणि मी गेल्यावर पुन्हा टाकते. आता तीन उरलेत. त्यांतल्या एकाच्या कल्ल्याजवळ पांढरं काहीतरी आलं आहे. त्यावर काय करायचं हे फक्त शालूला माहीत होतं.

मी आता दर रविवारी वरठीला जाते, एकही चुकवत नाही. मोटर बंद करते, अर्धं पाणी काढते, बाह्या वर करून खांद्यापर्यंत हात टाकीत घालते आणि आतल्या काचांवरचं शेवाळ पुसते. आई खुर्चीवर बसून बघते. पाणी फार गार असतं, बोटं बधिर होतात. मी मुद्दाम बराच वेळ हात आत ठेवते... मला काही होत नाही.