मड्यांची डॉक्टरीण

माझं माहेर बारामतीजवळचं पिंपळी आणि सासर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. लग्न होऊन शेळगावात आले तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. तो नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आला, आणि पाठोपाठ केबलची वायर खांबांवरून लोंबकळत आमच्या गल्लीत पोचली. रविवारी दुपारी लाईट असली की एक परदेशी मालिका लागायची. माणसं गोरी, पण बोलायची हिंदी. त्यात एक डॉक्टरीण होती. ती जिवंत माणसाला तपासायचीच नाही. पोलिसांना कुठं एखादं प्रेत सापडलं की ते तिच्यासमोर आणून ठेवायचे आणि माणूस कशानं मेला ते ती शोधून काढायची. तिच्या हाताखाली एक जाडा मदतनीस होता, काचेच्या भांड्यांशी खेळणारा एक किडकिडीत पोरगा होता, आणि एक म्हातारा पोलीस अधिकारी सारखा दारात उभा राहून तिला घाई करायचा. ती कधी घाई करायची नाही.

ही मालिका घरात सगळ्यात आवडीनं कोण बघत असेल, तर माझ्या सासूबाई. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो. आत्यांना हिंदी कळत नव्हतं. मी बारावी झालेली, म्हणून शेजारी बसून सांगायचं काम माझ्याकडं. त्यांनी त्या बाईला स्वतःच नाव ठेवलं होतं, मड्यांची डॉक्टरीण. पाटी, खुरपं, काय हातात असेल ते खाली ठेवून त्या भिंतीला टेकायच्या आणि मालिका संपेपर्यंत हलायच्या नाहीत. माझी धाकटी जाऊ मात्र चेहऱ्यावर पदर ओढून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, "आत्या, तुमाला किळस येत न्हाय?"

"किळस कशाची?" आत्या म्हणाल्या. "माझ्या बापाचा कळप व्हता. मेंढरू मेलं की बाप आधी त्येला फाडून बगायचा. काळीज बगायचा, आतडी बगायचा. फाडल्याबिगर बाकीच्या मेंढरांला काय औषद द्यायचं ते कसं कळायचं?" मग पडद्याकडं बोट करून म्हणाल्या, "पन ही माणसाचं बगती. आन् हात लावायच्या आदी किती येळ नुसती बगत उभी ऱ्हाती, बगितलं का?"

त्याच वर्षी भाद्रपदात माझे धाकटे दीर गेले.

आदल्या संध्याकाळी त्यांचं आणि धाकटीचं भांडण झालं होतं. तिला गौरीला माहेरी जायचं होतं आणि भाऊजी सोडायला तयार नव्हते. उसाला खत टाकायचं राहिलं होतं, माणूस मिळत नव्हता. लहानसहान भांडण, पण दोघंही आवाज चढवणारे. शेवटी धाकटी म्हणाली, "एकदाचं काय ते संपवूनच टाकते." हे वाक्य गल्लीनं ऐकलं. आम्ही मनावर घेतलं नाही. तिला तसं बोलायची सवयच होती.

पहाटे भाऊजींच्या पोटात दुखायला लागलं. मी ओव्याचं पाणी करून दिलं, ते त्यांना गिळता येईना. उलटी झाली. बोलताना जीभ जड झाली होती. उजाडलं तेव्हा त्यांच्या पापण्या मिटत होत्या आणि माझे मालक त्यांच्यावर ओरडत होते, "झोपू नगं, डोळे उगड." शेजारच्यांची जीप मिळाली. इंदापूरच्या वाटेवरच, आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले.

जीप निघायच्या आधीच अंगणात कुजबुज सुरू झाली होती. समोरच्या घरातली एक बाई, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो, ती बोलून गेली, "राती ताट तिनंच वाढलं हुतं की." आमच्या सोप्याच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाची बाटली होती. ती सगळ्यांना दिसत होती. आत्यांनीही ते ऐकलं. जीपमध्ये धाकटी समोर बसून हुंदके देत होती आणि आत्या एकदाही तिच्याकडं बघत नव्हत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत मलाही तिच्याकडं बघायचं धाडस होईना.

सरकारी दवाखान्याच्या मागं, कंपाउंडच्या कडेला, पत्र्याची एक खोली होती. तिथं नेतात हे मला ऐकून माहीत होतं. बायका तिकडं जात नाहीत. पण आत्या चालत गेल्या आणि लिंबाच्या झाडाखाली मातीत बसल्या. त्यांना हलवायची कुणाची टाप नव्हती. म्हणून मीही बसले. धाकटी लांब, भिंतीच्या कडेला बसली. अंगणातली कुजबुज पोलिसांपर्यंत पोचली होती, तिच्यावर लक्ष ठेवायला एक हवालदार उभा होता. तोवर गावाकडची माणसं मागून मोटारसायकलींवर येत होती आणि प्रत्येकजण तिच्याकडं बघून मान फिरवत होता.

थोड्या वेळानं एक बाई आल्या. साधी सुती साडी, वर पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. वयानं माझ्यापेक्षा चारदोन वर्षांनीच मोठ्या असतील. मला वाटलं नर्स आहेत, धाकटीला घेऊन जायला आल्या असतील. हवालदारानं सलाम केला तेव्हा कळलं की डॉक्टर त्याच. त्या खोलीत गेल्या, आणि लगेच बाहेर आल्या.

"यांच्याजवळ सकाळी कोण होतं?" त्यांनी विचारलं.

हवालदार म्हणाला, "मॅडम, सरळ केस आहे. घरात औषधाची बाटली सापडलीय. आदल्या दिवशी बायकोशी—"

"मी त्यांना विचारतेय," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

मी उभी राहिले. त्या मला झाडापासून थोडं बाजूला घेऊन गेल्या. रात्री काय जेवले, तेच बाकीच्यांनी खाल्लं का, उलटीला कसला वास होता, तोंडाला फेस होता का, घाम किती होता. मी सांगत होते. सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं होतं. फेस नव्हता. औषधाचा वास नव्हता. तो वास मला चांगला माहीत होता, फवारणीच्या दिवसांत मालकांच्या कपड्यांना यायचा.

"डोळे कसे होते?"

"पापण्या पडत हुत्या. झोपंला आल्यागत."

"आणि गिळताना?"

"पानी सुद्दा खाली जाईना. नाकातनं बाहेर आलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग धाकटीसमोर जाऊन खाली, तिच्यासारख्याच मातीत उकिडव्या बसल्या. "रात्री तुमचे मालक कुठं झोपले होते?"

धाकटीनं पदरानं नाक पुसलं. बाई थांबून राहिल्या. शेवटी ती म्हणाली, "रोज बाजंवर झोपतात. काल भांडण झालं म्हणून सोप्यात खाली वाकळ टाकून झोपलं. मी वर या म्हणलं न्हाय."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्यांच्याबरोबर दवाखान्यातला एक वयस्क कामगार होता, बाकी कुणी नाही. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा शांत. रविवारच्या त्या मालिकेतली चकचकीत खोली मला आठवली. वरून सोडलेले मोठे दिवे, जाडा मदतनीस, काचेच्या भांड्यांचा पोरगा, सगळी माणसं. आणि इथं पत्र्याखाली, त्या उकाड्यात, एक बाई आणि एक म्हातारा. माझा दीर त्यांच्यासमोर होता. मला रडायला हवं होतं, आणि मी त्या दाराकडं नुसती बघत होते. भीती होतीच, पण देवळात गाभाऱ्याचं दार लावून घेतल्यावर बाहेर बसलेल्या माणसाला जसं वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं. आत जे चाललंय ते आपल्याला झेपणारं नाही, पण ते कुणीतरी करतंय.

बराच वेळ गेला. दार उघडलं तेव्हा बाईंचा चेहरा घामानं डबडबला होता. त्यांनी हात धुतले, मग पुन्हा धुतले. जमलेल्या पुरुषांकडं न बघता त्या सरळ आत्यांकडं आल्या.

"तुम्ही आई ना? तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. बघवेल का?"

"बगवंल," आत्या म्हणाल्या.

मी आत्यांचा हात धरून गेले. भाऊजींवर गळ्यापासून पायापर्यंत पांढरी चादर होती. चेहरा झोपेतल्यासारखा. बाईंनी चादरीखालून त्यांचा डावा हात हळूच बाहेर काढला, झोपलेल्या लेकराचा काढावा तसा, आणि कोपराच्या मागची बाजू आमच्याकडं वळवली. मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. सुईनं टोचल्यासारखे दोन बारीक ठिपके, एकमेकांच्या शेजारी. तिथं सूजसुद्धा नव्हती.

"मण्यार," बाई म्हणाल्या. "ती रात्री अंथरुणात येते. चावलेली पुष्कळदा माणसाला कळतही नाही, झोपमोडसुद्धा होत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. तुमच्या या सुनेनं मला हेच सगळं सांगितलं. पोटात औषधाचा वास नाही, आतून जळल्याची खूण नाही."

आत्यांनी वाकून ते दोन ठिपके बघितले. खूप वेळ बघितले. मग आपल्या हातानं मुलाचा हात परत चादरीखाली ठेवला.

बाहेर आल्यावर बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "नमुना पुण्याला तपासायला जाईल. त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. पण मी जे पाहिलं ते आजच सांगते आहे. या माणसाला कुणी काही दिलेलं नाही. साप चावला आहे." हवालदारानं काहीतरी विचारलं. "ते मी लिहीन," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता ऐकून घ्या."

आत्या भिंतीकडं चालत गेल्या आणि धाकटीच्या शेजारी बसल्या. धाकटी अंग चोरून लांब सरकली. तिला वाटलं असेल आता मार बसतो. आत्यांनी आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं, आधी एक गाल, मग दुसरा.

"मीच त्येस्नी खाली झोपू दिलं," धाकटी म्हणाली. "मी वर बोलवाया पायजे हुतं."

बाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "नवराबायको भांडतात. भांडण झालं म्हणून साप येत नाही. हे मनातून काढून टाका, नाहीतर आयुष्यभर पुरेल."

"ऊठ बाई," आत्या म्हणाल्या. "त्येला घरी न्यायचंय. तुज्याबिगर कसं न्यायचं?"

पुण्याचं उत्तर पुष्कळ महिन्यांनी आलं. त्यात विष निघालं नाही. तोवर त्याची वाट कुणी बघत नव्हतं. घरातली बिळं खणून, सरपण हलवून मालकांनी साप शोधला, पण तो काही सापडला नाही. मालिकेत सगळं सापडायचं. आमच्याकडं ते दोन ठिपके तेवढे सापडले, आणि ते आम्हाला पुरले.

तेराव्यानंतर आत्या म्हणाल्या, त्या बाईला भेटायचंय. आम्ही दोघी एसटीनं इंदापूरला गेलो. बाई गरोदर बायका तपासत होत्या. समोर लांब रांग होती, आम्हीही रांगेत बसलो. एकीच्या पोटावर नळी ठेवून त्या ऐकत होत्या, आणि मी त्यांचे हात बघत होते. त्याच हातांनी माझ्या दिराचा हात चादरीतून काढला होता. दोन्ही कामं करणारे हात दिसायला अगदी कुणाच्याही हातांसारखे होते. नखं कापलेली, एका मनगटात घड्याळ.

आमची पाळी आली तेव्हा आत्यांनी आजार सांगितला नाही. म्हणाल्या, "तुमाला भ्या न्हाय वाटत, त्या खोलीत?"

बाईंनी हातातली नळी टेबलावर ठेवली. रांग तशीच खोळंबली होती. मग म्हणाल्या, "खोलीत नाही वाटत. आत जे असतं ते तसंच असतं, माझ्या बोलण्यानं बदलत नाही. बाहेर माणसं बसलेली असतात ना, त्यांना सांगायला जाताना पाय जड होतात. त्या दिवशी तुमच्याकडे येताना झाले होते." मग पुढं म्हणाल्या, "आजी, एक कराल? गावात सांगा, पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर फळ्यांवर झोपा, पण वर झोपा. मी इथून ओरडून किती जणांना सांगणार?"

"सांगते," आत्या म्हणाल्या.

आमच्या घरचा टीव्ही पुष्कळ दिवस बंद होता. दिवाळी झाल्यावर एका रविवारी धाकटीनंच तो लावला. ती यावेळी चेहऱ्यावर पदर न ओढता बघत होती. आत्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मालिका संपल्यावर म्हणाल्या, "ही बी हुशार हाय. पन हिच्या हाताखाली किती माणसं. आपलीला एकच म्हातारा."

पुढच्या वर्षी ढग भरून यायला लागले तशा आत्या गावभर फिरायला लागल्या. ज्या घरी जातील तिथं आत शिरून अंथरुणं कुठं पडतात ते बघायच्या. "आमचा गेला, तुमचा जाऊ नये म्हणून आले," एवढंच म्हणायच्या. लोक ऐकून घ्यायचे. पोरगा गेलेल्या बाईला कोण काय बोलणार? सुताराकडं बाजांचं काम वाढलं. ज्यांना जमलं नाही त्यांनी विटांवर फळ्या टाकल्या. पहिले काही दिवस मी त्यांच्याबरोबर जायचे. मग एक दिवस धाकटी म्हणाली, "आज मी जाते आत्यांबरूबर."

त्या दोघी समोरच्या घरापुढं गेल्या, तेव्हा मी अंगणात होते. मावशी चुलीपुढून उठून दारात आली आणि धाकटीला बघून तिथंच थबकली. ताटाचं ते बोलणं झालं त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आत्या मागं उभ्या राहिल्या.

धाकटी म्हणाली, "मावशी, तुमी कुठं झोपता?"

"हितंच, चुलीम्होरं," मावशी म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"खाली झोपू नका. आमच्यात एक बाज मोकळी हाय. सांजच्याला मी आन् थोरल्या जाऊबाई आणून टाकतो."

मावशीनं मान हलवली आणि दारातून बाजूला झाली, दोघींना आत येता यावं म्हणून.