लाल पट्टीचा कप्पा

घरातून निघताना मामा आपल्या शर्टाच्या बाहीवर दोनदा हात फिरवायचा, घडी नीट बसलीय ना ते बघायला. आई म्हणायची, "अरे, तू चादर नाहीस." मग तो तिच्या खांद्यावरूनही एकदा हात फिरवायचा.

मामाला वाचता येत नव्हतं. नवी गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागे, पण शिरली की मुक्कामाला. एका संस्थेनं त्याला हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी घडी करून लावायचं काम मिळवून दिलं आणि शिकवायला एक ताई दिल्या. ताईंनी कप्प्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. लाल कप्पा ऑपरेशनच्या चादरींचा, पिवळा वॉर्डच्या चादरींचा. आधी त्या त्याच्या शेजारी उभ्या राहत, मग चार हात लांब, मग दारात. सांगून ठेवलेलं, "शंका आली की हात थांबवायचा आणि मला हाक मारायची." तीन महिन्यांत एक चादर चुकली नाही.

नव्वदाव्या दिवशी ताईंना दुसरीकडे पाठवलं. संस्थेचा नियमच तसा, नव्वद दिवस टिकला की फाइल बंद.

त्र्याण्णवाव्या दिवशी तपासणी येणार म्हणून सुपरवायझरनं कपाटं रंगवून घेतली. पट्ट्या खरवडून टाकल्या. मामा कामावर आला, कोरे कप्पे बघितले आणि शिकवल्याप्रमाणे थांबला. दाराकडे तोंड करून दुपारपर्यंत हाका मारत राहिला, "ताई." चादरींचा ढीग साचला, ऑपरेशनं खोळंबली. कुणी येऊन बोटानं एक कप्पा दाखवला नाही.

"काम सोडून ओरडत बसतो," सुपरवायझर म्हणाला आणि त्याला काढून टाकलं.

मी संस्थेत गेले. कारकून बाईंनी फाइल काढली. "नव्वद दिवस टिकले ना? यशस्वी नोंद आहे."

"ते घरी बसलेत."

"ते नंतर झालं."

"ताईंना एकदा पाठवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं."

"बंद फाइलवर कुणाला पाठवणार, सांगा ना." त्या खरंच माझ्याकडे उत्तर मागत होत्या.

अहवालात माझा मामा अजून नोकरीवर आहे. टिकलेल्यांच्या आकड्यात तो एक आहे, आणि त्या आकड्यासाठी कुठेतरी टाळ्या वाजणार आहेत. याची मला चीड येते, आणि ती ओसरत नाही.

घरी आले तेव्हा त्यानं आमचं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं होतं. साड्या, टॉवेल, माझे कुर्ते, सगळ्यांच्या कडा एका रेषेत. एक कप्पा मात्र तसाच मोकळा ठेवलेला.

"लाल पट्टी संपलीय," तो म्हणाला. "उद्या येताना घेऊन ये."