गॅलरीला काच न लावलेलं घर

माणसाची प्रगती त्याच्या घरातल्या तापमानावरून मोजावी. हा विचार माझा नाही, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा आहे. त्यांनी तो आमच्या जिन्यात घाम पुसत मांडला होता.

वसईतल्या आमच्या इमारतीत एसी नसलेलं घर एकच, आमचं. बाकीच्यांनी गॅलऱ्यांना काचा लावून त्या हॉलमध्ये घेतल्या आहेत. आत एसी अठरावर आणि अंगावर रजई, अशी त्यांची दुपार जाते. त्यांच्या खोल्यांतली गरमी बाहेरच्या यंत्रांतून निघते ती आमच्या गॅलरीत येते. माझी तक्रार नाही. तिथे आईची सुकेळी वाळत असतात.

आई वसईतल्याच पापडी गावच्या वाडीतली. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, रोज उलटायची, तांबूस झाली की वाळलेल्या केळीच्या पानात बांधायची, हे तिचं ऑक्टोबरमधलं काम. ऐंशी ओलांडल्यावर तिला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम आणि तेवढीच जागा उरली आहे.

मग इमारत एकसारखी दिसावी म्हणून आमच्याही गॅलरीला काच लावायचं ठरलं. सेक्रेटरी भर दुपारी संमतिपत्र घेऊन आले. मी सही करणार नाही म्हटलं. त्यांनी इमारतीची शान, शहराचं भवितव्य वगैरे समजावलं. एवढ्या जबाबदाऱ्या आमच्या गॅलरीवर आहेत याची मला कल्पना नव्हती.

आई केळी उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "लावा की भाऊ काच. मी केळी तुमच्या हॉलमध्ये वाळत घालीन. आठ दिवसांचा तर प्रश्न. माश्या हाकायला तुम्ही आहातच."

"आजी, काळाबरोबर चालायला हवं."

"चाला ना. मी कुठे धरलंय?"

तेवढ्यात वीज गेली. सगळ्या मजल्यांवर एसी एकदम चालले की आमच्याकडे हे होतंच. लिफ्ट बंद, सेक्रेटरींचं घर सातव्या मजल्यावर आणि सगळीकडून काचबंद. ते दीड तास आमच्या गॅलरीत बसले, संमतिपत्रानं वारा घेत. वीज आल्यावर उठले. चुरगळलेल्या कागदावर सही मागणं त्यांना जमलं नाही.

सोसायटीनं नंतर दोनदा नवा कागद पाठवला. दोन्ही मी सही न करता परत केले. गॅलरी उघडीच आहे.

त्या खेपेला सुकेळी चार कमी भरली. सेक्रेटरींनी ती त्या दीड तासात अर्धवट वाळलेलीच खाल्ली होती.