मालूची उदासी आणि भुट्ट्याचा कीस

माझी बायको उदास झाली, तेव्हा मी तिला त्या उदासीचं बिनचूक इंग्रजी शिकवलं.

सगळी नोकरी इंदूरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करू नये. झालं असं, की शेजारच्या शोभाताई मुलाकडे रायपूरला कायमच्या गेल्या. मालू आणि त्या रोज संध्याकाळी फिरायला जायच्या. (फिरणं कमी, आम्हा नवऱ्यांची उजळणी जास्त.) त्या गेल्यावर मालू सवयीनं चपला घालायची, फाटकापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची. एकदा चहा पिताना म्हणाली, "शोभा गेल्यापासून मला डिप्रेशन आलंय बहुतेक."

मी कप खाली ठेवला. डिप्रेशन हे आजाराचं नाव, ते डॉक्टरनं ठरवायचं. एखाद्या गोष्टीनं मन खचलं, तर माणूस डिजेक्टेड. नुसतं तोंड उतरलं, तर डाउनकास्ट. ग्लूमी तर खोलीसुद्धा असते. आणि हे सगळं आपोआप ओसरू लागलं, की ते अबेट होतं. आपण मुद्दाम कमी केलं, तर रिड्यूस. मालूनं कपबश्या उचलल्या आणि आत गेली. मला वाटलं, पटलं!

इतकं सुरेख विवेचन वाया जाऊ नये, म्हणून मी ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. पहिली ओळ होती, 'मालूचं मन खचलं आहे.' पुढे शब्दांमधले फरक, उदाहरणांसह. पुढचं कोणीही वाचलं नाही.

आमच्या घराण्यात कोणी खचलं, तर फोन करून विचारायची पद्धत नाही. खाण्याचं सामान घेऊन थेट यायचं आणि ते माणूस हसेपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा मेहुणा बंडू देपालपूरहून भुट्ट्यांचं पोतं घेऊन हजर. "टेन्शन नका घेऊ जिजाजी, आज ताईच्या हातचा कीस खाऊ, सब ठीक हो जाएगा." पाठोपाठ माझी बहीण कुसुम आली, जिलबीसह आणि सहकुटुंब. दुपारपर्यंत सोफा, खुर्च्या, पलंग सगळं भरलं आणि उरलेले जिन्यात बसले.

आता भुट्ट्याचा कीस करायचा म्हणजे कणसं किसायला हवीत. किसणार कोण? जिचं मन खचलं होतं, ती! (कुसुमचं म्हणणं, कामात मन रमतं.) मालू किसत होती, परतत होती, मधूनच चहा टाकत होती आणि बाहेर मंडळी तिच्यासाठी हळहळत दुसरी प्लेट मागत होती. शोभाताईंचं नाव कोणी काढलं नाही. मी तरी कुठे काढलं? मी बंडूला डाउनकास्ट आणि डिजेक्टेडमधला फरक सांगत होतो. तो म्हणाला, "वो सब ठीक है जिजाजी, जरा निंबू सरकवा."

संध्याकाळी सगळे गेले. मालू ओट्याशी उभी होती, किसणीनं सोललेलं बोट नळाखाली धरून. मला खरंच फार वाईट वाटलं. एवढ्या माणसांत तिच्याशी कोणी बोललं नव्हतं आणि ती माणसं मीच जमवली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "मालू, कसं वाटतंय गं तुला?"

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "कसंतरीच होतंय हो. शोभा असती तर आत्ता आम्ही बगिच्यापर्यंत गेलो असतो."

यावर नवऱ्यानं काय करावं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मलाही कळलं. पण तोंडातून निघालं, "कसंतरी हा शब्द फार मोघम आहे."

मालूनं हात पुसले, चपला घातल्या आणि एकटीच निघाली. मी अनवाणी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावलो. माफी मागायला धावलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला नेमका शब्द सुचला होता.